मॅल्हमच्या कड्यावरून पडणारी नदी कुठे गेली?

नौपाड्यात राहणाऱ्या, भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंनी मला एक प्रश्न विचारला आहे. लेकीकडे इंग्लंडला गेल्या असताना त्यांनी यॉर्कशरमधला मॅल्हम कोव्ह हा चुनखडीचा प्रचंड कडा पाहिला. कड्याच्या माथ्यामागे दोन्ही बाजूंना उभे कातळ असलेली, नीट कोरून काढल्यासारखी एक दरी आहे, पण तिच्यात पाण्याचा थेंब नाही. कड्याच्या पायथ्याशी मात्र खडकाखालून एक ओढा निवांत बाहेर येतो. बरोबरच्या मंडळींपैकी कोणी म्हणाले की हे हिमनदीचे काम, कोणी म्हणाले धबधब्याचे. यातले खरे काय, दरी कोरणारी नदी गेली कुठे, आणि आपल्या येऊरला किंवा खारघरला असे काही का दिसत नाही, असे बाई विचारतात.

बाई, "बर्फ की नदी" असा सामना लावला की उत्तर हमखास चुकते. चुनखडीच्या प्रदेशात सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारायची असते, ती म्हणजे पाण्याला खडकाच्या आत शिरायला वाट मोकळी आहे की बंद. वाट मोकळी असेल तेव्हा पठार वरून कोरडे राहते आणि आतून पोखरले जाते. वाट बंद झाली की तेच पाणी पृष्ठभागावरून धावते आणि दऱ्या कापते. हिमयुगांनी मॅल्हमच्या पठारावर केलेल्या कामांपैकी मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते ही वाट पुन्हा पुन्हा बंद करण्याचे आणि उघडण्याचे. खरवडण्याचे काम बर्फाने केलेच, पण ज्या कोरड्या दरीबद्दल तुम्ही विचारता आहात तिच्या बाबतीत ते दुय्यम आहे.

आधी खडकाचा स्वभाव पाहू, आणि त्यासाठी यॉर्कशरला जायची गरज नाही. ठाण्यातल्या जुन्या इमारतींत स्वयंपाकाचा ओटा काळ्या कडप्प्याचा असे. त्यावर कापलेले लिंबू रात्रभर राहिले तर सकाळी तिथे फिकट, खरखरीत डाग पडलेला असे, आणि तो कितीही घासला तरी जात नसे. जाणार कसा? तो वरून चिकटलेला डाग नव्हताच, लिंबाच्या आम्लाने दगडाचा वरचा पापुद्रा खाल्लेला होता. कडप्पा हा चुनखडीचाच प्रकार आहे आणि चाळीच्या गॅलरीतली शहाबादी फरशीसुद्धा. शेजारी ग्रॅनाइटचा ओटा असेल तर त्याला लिंबाने काही होत नाही. निसर्गात लिंबाच्या जागी कार्बन डायऑक्साइड असतो. पावसाचे पाणी तो थोडासा हवेतून घेते, पण खरा साठा मातीत असतो, कारण मुळे आणि सूक्ष्मजीव श्वास टाकत असतात आणि मातीतल्या हवेत त्याचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या दहापट, कधी शंभरपटही असू शकते. असे सौम्य आम्लयुक्त पाणी चुनखडीच्या फटीत शिरले की कॅल्शियम कार्बोनेटचे विरघळणारे बायकार्बोनेट होते आणि ते पाण्याबरोबर निघून जाते. मागे वाळू नाही, गाळ नाही. फट तेवढी केसभर रुंद होते, आणि रुंद झालेल्या फटीतून पुढच्या पावसात जास्त पाणी जाते. हेच पाणी पुढे मोकळ्या हवेत आले आणि त्यातला वायू उडून गेला की चुना परत बसतो. मॅल्हमजवळचा जॅनेट्स फॉस हा छोटा धबधबा अशाच बसलेल्या चुन्याच्या थरावरून पडतो.

मी नोकरीची बरीच वर्षे मुंबई हायच्या चुनखडीचे कोअर पाहण्यात घालवली. समुद्राच्या तळाखालून, शेकडो मीटर खोलीवरून काढलेला तो दंडगोल उभा कापून दिव्याखाली धरला की भरीव दगडात मध्येच पेरूच्या बीएवढ्या, कधी वाटाण्याएवढ्या पोकळ्या दिसत आणि त्यांच्या कडा गुळगुळीत असत, जशी चघळून बारीक झालेली खडीसाखर असते. तेल राहते ते अशा जागांमध्ये. म्हणून "दगड" म्हटल्यावर इतरांच्या मनात जे घट्ट, बंद चित्र येते ते चुनखडीच्या बाबतीत माझ्या मनात कधीच येत नाही.

आता मॅल्हम. तिथली चुनखडी सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वीची, कार्बोनिफेरस काळातली. तो भूभाग तेव्हा विषुववृत्ताजवळ होता आणि तिथल्या उबदार, उथळ समुद्रात शिंपले-प्रवाळांच्या अवशेषांचे थर साचले. एकंदर जाडी २०० मीटरच्या घरात भरते. थर जवळजवळ आडवे आहेत आणि त्यांना उभ्या फटी ठरावीक दिशांनी गेलेल्या आहेत. त्यामुळे पठार म्हणजे एकावर एक रचलेल्या, मधे भेगा ठेवलेल्या प्रचंड फरश्यांची उतरंड आहे असे समजा. या फरश्यांच्या खाली सिल्युरियन आणि त्याहून जुन्या काळातले पाटीचे दगड आणि कठीण वालुकाश्म आहेत, ज्यांत पाणी शिरत नाही. पठारावरच्या मॅल्हम टार्न या तळ्याखाली हाच जुना खडक वर आलेला आहे, म्हणून एवढ्या सच्छिद्र मुलखात तळे टिकून आहे. तळ्यातून निघालेला ओढा दक्षिणेकडे थोडेच अंतर वाहतो, प्रस्तरभंग (म्हणजे खडकातली अशी मोठी भेग, जिच्या दोन बाजू एकमेकींपासून सरकलेल्या असतात) ओलांडून चुनखडीवर येतो आणि दगडगोट्यांमध्ये मुरून दिसेनासा होतो. त्या जागेचे नावच "वॉटर सिंक्स" आहे. तिथून पुढे जी कोरडी दरी सुरू होते ती वॉटलोज, म्हणजे तुम्ही पाहिलेली दरी, आणि ती नेमकी कड्याच्या ओठावर येऊन संपते.

गंमत अशी की ओढा बुडतो कड्याच्या मागे, पण कड्याखाली जे पाणी निघते ते मुख्यतः त्याचे नाही. कड्याखालचे पाणी बहुतांशी पश्चिमेकडच्या दुसऱ्या एका ठिकाणी, जुन्या धातुभट्टीजवळ मुरलेले असते, आणि तळ्याचे पाणी मुख्यतः मॅल्हम गावाच्या दक्षिणेला एअर हेडच्या झऱ्यांमध्ये वर येते. एकोणिसाव्या शतकातच लोकांनी तळ्याचे दार उघडून एकदम लोंढा सोडला होता आणि झऱ्याची पातळी केव्हा वाढते ते घड्याळ लावून मोजले होते. पुढे रंग मिसळून हेच तपासले गेले. भुयारी वाटा वरच्या दरीच्या रेषेत असतीलच असे नाही, हा धडा चुनखडीत काम करणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी चांगला महाग पडून मिळतो.

तर मग ही दरी कापली कोणी? वाहत्या पाण्याने, यात मला शंका नाही. तिचे वळण, तिच्या पायऱ्या आणि तिचा कड्याकडे जाणारा उतार प्रवाहाचाच आहे. प्रश्न एवढाच की आज जे पाणी पाचशे पावलांत गायब होते ते तेव्हा वरून कसे वाहिले. हिमयुगाच्या काळात, बर्फाची चादर येण्याआधी आणि विशेषतः ती हटत असताना, जमीन खोलवर गोठलेली होती. फटीतले पाणी बर्फ होऊन बसले होते. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर गटाराच्या जाळीत पालापाचोळा आणि प्लॅस्टिक अडकले की पहिल्याच सरीला पाणी रस्त्यावरून घरात शिरते. रस्त्याला उतार तोच, पाऊसही तेवढाच, फक्त जाळी तुंबलेली. गोठलेल्या फटींनी पठाराची जाळी अशीच तुंबवली. त्यावर उन्हाळ्यात हजारो वर्षे साठलेल्या बर्फाचे वितळपाणी आले, सोबत खडे, रेती, गोटे घेऊन आले, आणि जी चुनखडी एरवी गुपचूप विरघळते ती घासून, आपटून कापली गेली. तेव्हा कड्यावरून खरोखरच धबधबा पडत होता. पुढे हवा उबदार झाली, फटी मोकळ्या झाल्या, पाणी आत उतरले आणि दरी रिकामी मागे राहिली. नदी कुठे गेली, याचे उत्तर "खाली" एवढेच आहे.

हे नुसते तर्काने मांडलेले नाही. दक्षिण इंग्लंडमध्ये खडूच्या टेकड्या आहेत. खडू म्हणजेही चुनखडीच, मऊ प्रकारची. तिथपर्यंत बर्फाची चादर कधीच पोचली नव्हती. तरी तिथे कोरड्या दऱ्यांचे जाळे आहे आणि साउथ डाउन्समधली डेव्हिल्स डाइक ही दरी तर जवळजवळ १०० मीटर खोल आहे. हिमनदी नाही, पण गोठलेली जमीन मात्र होती. आणि दरी झाली. म्हणून "कोरडी दरी दिसली की हिमनदी" हे समीकरण मला मान्य नाही.

दुसरा पुरावा अलीकडचा आहे आणि त्यात बर्फाचा संबंधच नाही. ६ डिसेंबर २०१५ रोजी डेस्मंड वादळाचा पाऊस इतका झाला की भुयारी वाटांना तो गिळता आला नाही, वॉटलोजमधून पाणी वाहिले आणि मॅल्हमच्या ८० मीटर उंच कड्यावरून काही तास धबधबा पडला. जिवंत माणसांच्या आठवणीत असे पहिल्यांदाच घडले. खालची वाट अपुरी पडली की वरची जुनी वाट लगेच जागी होते, हे त्या दिवशी शेकडो लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

कड्याबद्दल एक दुरुस्ती करायला हवी, कारण "धबधब्याने कडा तयार केला" हे वाक्य फार सैल आहे. या भागातून क्रेव्हन प्रस्तरभंगांची मालिका जाते आणि त्यांच्यामुळे दक्षिणेकडचा खडक खाली सरकलेला आहे. कड्याचा जन्म त्या पायरीतून झाला आणि मग तो झिजत मागे हटत हटत आजच्या जागी आला. त्याची ३०० मीटर रुंद, आत वळलेली कमान एका अरुंद धबधब्याने झालेली नाही; वाहता बर्फ, वितळपाणी, तळातून निघणारे झरे आणि दगड सुटून पडणे या सगळ्यांनी ती आकाराला आणली. धबधब्याचा वाटा त्यात आहे, मालकी नाही.

आता बर्फाच्या स्वतःच्या कामाकडे येतो. शेजारच्या व्हार्फडेलमध्ये गेलात तर दरीचा तळ सपाट आणि बाजू खड्या दिसतील, आणि किल्नसी क्रॅग हा पुढे झुकलेला कडा पाहिलात तर डोंगराची सोंड कोणीतरी सुरीने तासून टाकली आहे असे वाटेल. ती तासली हिमनदीने. पठारावरही बर्फाने जुनी माती आणि वरचा कुजका, सैल खडक खरवडून नेला आणि घट्ट थराची सपाटी उघडी टाकली. कड्याच्या माथ्यावर तुम्ही ज्या भेगाळ फरशीवरून जपून पाय टाकत चाललात ती ही सपाटी. तिथले लोक फरशीच्या ठोकळ्यांना क्लिंट आणि मधल्या भेगांना ग्राइक म्हणतात. बर्फाने सपाटी दिली, पण भेगा दिल्या पाण्याने, आणि त्यांतल्या कित्येक तर मातीच्या आवरणाखाली असतानाच रुंदावल्या, कारण आम्ल मातीत असते. नंतर, काही अंशी माणसाने जंगल तोडल्यामुळे आणि गुरे चारल्यामुळे, माती भेगांत वाहून गेली आणि फरशी उघडी पडली. काही भेगा शेवटच्या हिमयुगाच्या आधीपासूनच्या असाव्यात, असे माझे मत आहे.

या सगळ्या झिजेचा वेग किती, हे ज्या एका जागी जवळजवळ पट्टी लावून मोजता येते ती मॅल्हमपासून फार दूर नाही. नॉर्बर नावाच्या उतारावर हिमनदीने काळपट, कठीण वालुकाश्माचे मोठमोठे धोंडे आणून टाकले आहेत. तुम्ही पाठवलेल्या फोटोंमध्ये चुनखडीच्या पायांवर बसलेला जो धोंडा दिसतो, तो त्यांपैकीच आहे. धोंडा छत्रीसारखा वर असल्यामुळे त्याच्या खालची चुनखडी पावसापासून वाचली आणि भोवतालची विरघळून खाली गेली. म्हणून धोंडा साधारण ३० सेंटिमीटर उंचीच्या ओट्यावर बसल्यासारखा दिसतो. धोंडे तिथे येऊन सुमारे १८,००० वर्षे झाली आहेत. भागाकार केला तर हजार वर्षांत दीड ते दोन सेंटिमीटर येतात. काही ओट्यांची थोडी उंची फटीतले पाणी गोठून दगड फुटल्यामुळेही आली असेल, म्हणून हा आकडा अंदाजाचाच धरावा. पण त्यातून एक उपयोगाची गोष्ट कळते. हिमयुगांचा हा सगळा कालखंड सुमारे २६ लाख वर्षांचा आहे. एवढ्या वेळात नुसत्या विरघळण्याने पठार फार तर ४०-५० मीटर खाली जाईल, आणि तेही सगळीकडून सारखेच. शेकडो मीटर खोल दऱ्या त्यातून होत नाहीत. त्यांना रेतीगोटे घेऊन धावणारी नदी लागते किंवा हिमनदी लागते.

इथे एक लोकप्रिय समजूत बाजूला करतो. थंड पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळतो, ०° सेल्सिअसला तो २०° सेल्सिअसच्या जवळपास दुप्पट मावतो, म्हणून हिमयुगात चुनखडी झपाट्याने विरघळली असे अनेक ठिकाणी लिहिलेले असते. पहिला भाग बरोबर आहे. पण भांडे दुप्पट मोठे असून उपयोग काय, जर भरायला वायूच नाही? गोठलेल्या, उजाड जमिनीत मुळे नाहीत, सूक्ष्मजीव जवळजवळ झोपलेले, आणि पाणी वर्षातले बरेच महिने बर्फ होऊन बसलेले. त्यामुळे कडाक्याच्या काळात विरघळणे मंदावते आणि फोडणे-घासणे वाढते. उबदार काळात उलट होते. पठाराचा आजचा चेहरा या दोन पाळ्यांनी आलटून पालटून घडवलेला आहे.

या पाळ्यांची नोंद गुहांमध्ये राहिली आहे. गुहेच्या तळावर ठिबकणाऱ्या पाण्यातून ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ वाढतो. वर माती-झाडे असतील आणि पाणी वाहते असेल तेव्हाच तो वाढतो; जमीन गोठली की ठिबक थांबते आणि वाढही थांबते. त्यातल्या युरेनियम आणि थोरियमच्या प्रमाणावरून थराचे वय काढता येते, साधारण पाच लाख वर्षांपर्यंत. सेटल गावाजवळच्या व्हिक्टोरिया गुहेत तर पाणघोडा, गेंडा, हत्ती आणि तरसाची हाडे सापडली. ती सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या उबदार काळातली आहेत. ज्या डोंगरावर नंतर शेकडो मीटर बर्फ चढला तिथे आधी पाणघोडे डुंबत होते! नदीच्या कामाची नोंदही गुहांतच आहे. नदीने दरी खोल केली की भूजलाची पातळी उतरते, पाणी खालची नवी वाट शोधते आणि जुनी गुहा दरीच्या बाजूला उंचावर कोरडी लटकत राहते. त्या कोरड्या गुहेतला सर्वांत जुना लवणस्तंभ किती वर्षांचा ते कळले की त्याआधीच नदी त्या पातळीच्या खाली गेली होती, एवढे निश्चित सांगता येते. आपल्याकडे मेघालयातल्या मॉम्लुह गुहेच्या लवणस्तंभात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी पावसाळा दुबळा झाल्याची खूण मिळाली आणि २०१८ मध्ये पृथ्वीच्या इतिहासातल्या चालू कालखंडाला "मेघालयन" हे नाव त्याच स्तंभावरून मिळाले.

चुनखडीवर नदी टिकतच नाही असे मात्र समजू नका. फ्रान्समधली टार्न नदी ग्रॅनाइटच्या डोंगरात जन्मते, भरपूर पाणी आणि गोटे घेऊन चुनखडीच्या पठारात शिरते आणि ४०० ते ६०० मीटर खोल घळ कापत आरपार निघून जाते. पठारावर पडणारा पाऊस तिला ओढ्यांनी क्वचितच मिळतो, तो घळीच्या तळाशी झऱ्यांतून मिळतो. बाहेरून बळ आणणारी नदी चुनखडी पार करते. घरचीच असेल तर बुडते.

राहिला येऊर-खारघरचा प्रश्न. आपला काळा पत्थर हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. त्यालाही फटी आहेत आणि त्यांतून पाणी झिरपते, पारसिकच्या डोंगरात ऑगस्टमध्ये खडकातून ठिबकणारे पाणी तुम्ही पाहिले असेलच. पण बेसाल्ट लिंबाने खाल्ला जात नाही. फट रुंदावून भुयार होत नाही, उलट कुजलेल्या खडकाची माती फटीत बसून ती बुजत जाते. म्हणून खारघरचा पांडवकडा पावसाळ्यात शंभरएक मीटरवरून धो-धो कोसळतो, त्याचे पाणी माथ्यावरच गडप होत नाही. शिवाय इथे बर्फ कधी आला नाही. हिमयुग आपल्याकडे आले ते दोन वेगळ्या वेशांत: पावसाळा दुबळा झाला आणि समुद्र मागे गेला. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत आहे आणि तिथे पाणी ७५ मीटरच्या आगेमागे खोल आहे. म्हणजे ज्या जागेवर आम्ही हेलिकॉप्टरने उतरत होतो ती तेव्हा कोरडी जमीन होती. उल्हास आणि ठाण्याच्या खाडीतले प्रवाह त्या दूरच्या किनाऱ्याकडे वाहत होते आणि आपली पात्रे खोल करत होते. पुढे समुद्र परत चढला, पात्रे बुडाली आणि त्यांत चिखल भरला. वाशी-नेरुळला पायलिंगचे काम चालू असेल तेव्हा बाजूला थांबून पाहा: आधी कित्येक मीटर राखाडी, शिंपल्यांचे तुकडे असलेला चिखल वर येतो, मग मुरूम, आणि मग ज्याच्यावर यंत्राचा आवाज बदलतो तो काळा पत्थर. त्या चिखलाखाली जी दरी गाडली गेली आहे ती वॉटलोजच्याच काळातली आहे.